बॅटरी ३.३ व्होल्टवरच अडकलीय आणि मग बोर्ड एकदम बंद, असं का?

खानापूरकर: नमस्कार मंडळी, शेतातल्या टाकीत फ्लोट बसवलाय, डी-वन मिनी (वायफायवाला छोटा ईएसपी८२६६ बोर्ड), एक १८६५० लिथियम सेल, टीपी४०५६ (सेल चार्ज करायचं मॉड्यूल) आणि छोटं सोलर पॅनल, दर अर्ध्या तासाला उठून टाकी भरली का नाही ते मोबाईलवर पाठवतंय. सेल ५ व्होल्टच्या पिनवर दिलाय. बॅटरी बघायला कोडमध्ये गेट-व्हीसीसी (चिपला मिळणारं सप्लाय व्होल्टेज, म्हणजे व्हीसीसी, वाचणारं फंक्शन) टाकलंय पण ते कायम ३.३ च्या आसपासच दाखवायलंय आणि मग एक दिवस गप्पच. आधी कळायला काय करायचं? आमच्या कणकुंबी साईडला पावसाळ्यात ऊन कुठलं, तेव्हा लईच वांदे.

निपाणी_सोल्डर: भाऊ ते सेलचं नव्हंच, बोर्डावरच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडणारं व्होल्टेज आहे. सेल ४.२ असो नाहीतर ३.६, रेग्युलेटर ३.३ च देणार, त्याचं कामच ते. आकडा हलेपर्यंत खेळ संपलेला असतो. सेलच्या प्लसपासून ए-झिरोला (बोर्डाची व्होल्टेज मोजायची पिन) १५० के (किलोओहम) चा रेझिस्टर लावा. बोर्डावर २२० के आणि १०० के चा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून कमी करणारी जोडी) आधीच आहे, चिपला आत १ व्होल्टच चालतं, मिळून ४७० के, त्यातल्या १०० के वर १ व्होल्ट, म्हणजे फुल स्केल (जास्तीत जास्त मोजता येणारं) ४.७ व्होल्ट. बरेच जण १०० के लावतात, त्यात ४.२ ला रीडिंग १०२३ वर, म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्यावर, जाऊन चिकटतं. आणि कोडमधली गेट-व्हीसीसीसाठीची एडीसी मोडची ओळ काढा, नाहीतर ए-झिरो वाचताच येणार नाही. शेवटी मल्टीमीटर लावून कोडमधला रीडिंगचे व्होल्ट करणारा गुणक जुळवून घ्या, रेझिस्टर ५ टक्केवाले असतात.

टिळकवाडी३२८: एटमेगा३२८पी (आर्डुइनो उनोमधली चिप, वायफाय नाही) सेलवर डायरेक्ट चालवला तर एकपण रेझिस्टर लागत नाही. आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स (चिपमधलं ठरलेलं व्होल्टेज) व्हीसीसीच्या मापाने मोजायचा, रीडिंग वाढलं की सप्लाय उतरली समजा. फक्त ते १.१ नावाला, डेटाशीटमध्येच १.० ते १.२ दिलंय, चिप बदलली की परत जुळवा. मध्ये रेग्युलेटर घातला तर इथंपण तीच गत.

खानापूरकर: वायफाय पाहिजेच ओ. १५० के लावला, ३.९ आलं, मीटरवरपण तेवढंच. पण मेसेज जाताना मोजलं तर ३.८, कुठलं धरायचं? आणि टक्के कसे काढायचे?

निपाणी_सोल्डर: दोन्ही खरंच आहे, वायफाय करंट ओढतं तेव्हा सेल दबतो. उठल्या उठल्या, वायफाय जोडायच्या आधी मोजा, चार-पाच रीडिंगची सरासरी घ्या. टक्क्यांच्या नादाला लागू नका, लिथियम मधे बराच वेळ ३.७ च्या आसपास रेंगाळतो आणि मग धाडकन खाली. ३.६ ला मेसेज पाठवा, ३.५ ला अर्ध्या तासाची झोप दोन तासांची करा. टीपी४०५६ वरच्या प्रोटेक्शनवर राहू नका, ते २.५ च्या आसपास तोडतं, तवर सेलचं वाटोळं झालेलं असतंय.