फर्नेस २००३ ची: अप्रेझरचं ऐकू की इन्स्पेक्टरचं?

नमस्कार मंडळी,

ओहायोत, कोलंबसजवळ घर घेतोय. कर्ज एफएचएचं (सरकारी विम्याचं गृहकर्ज). अप्रेझल, म्हणजे बँकेसाठी केलेलं घराचं मूल्यांकन, ठरलेल्या किमतीला आलं, बँक खूश. पण हातात दोन रिपोर्ट आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही.

अप्रेझर म्हणतो, घराचं उरलेलं आर्थिक आयुष्य (घर वापरायला किफायतशीर राहील तो काळ) ४० वर्षं, हीटिंग-कूलिंग चालू. होम इन्स्पेक्टर (मी घर तपासायला लावलेला माणूस) म्हणतो, फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आणि एसी दोन्हींचं वय झालंय, बदलायची तयारी ठेवा.

बेसमेंटात उतरून पाट्या वाचल्या. फर्नेस कॅरिअरची, सीरियल नंबर ३९०३ ने सुरू, म्हणजे २००३ चा ३९वा आठवडा. एसीच्या बाहेरच्या युनिटवर, म्हणजे कंडेन्सरवर, आर-२२ (थंड करणारा जुन्या प्रकारचा गॅस) लिहिलंय. वॉटर हीटर रीमचा, ०९१४, म्हणजे २०१४ चा. बुडाशी तांबूस गंज, पण खाली फरशी कोरडी. फर्नेसच्या पत्र्यावर मार्करने दर वर्षीच्या सर्व्हिसिंगच्या तारखा लिहिल्यात, शेवटची २०२१. (शिस्तीची माणसं दिसतात. पुढे काय बिनसलं देव जाणे.)

त्या ४० वर्षांत फर्नेस धरलेली असते का? आणि मालकाकडून नवीन बसवून मागू की पैसे कमी करून घेऊ? ऑफर मागे घ्यायची मुदत शुक्रवारी संपतेय.

---

प्रतिसाद:

४० वर्षं घराची, फर्नेसची नव्हेत. अप्रेझर थर्मोस्टॅट फिरवून गरम हवा येते का बघतो. यंत्रणा सुरक्षित, घराला पुरेशी आणि पुढेही बऱ्यापैकी चालेल अशी असली की एफएचएचं भागतं. वर्षांचा आकडा लावलाय तो छपराला, किमान २.

गॅस फर्नेस साधारण १५-२० वर्षं चालते, टाकीवाला हीटर ८-१२. म्हणजे तुमचं सगळंच बोनसवर चाललंय. शुक्रवारच्या आत हीटिंगवाल्याला बोलवा. हीट एक्स्चेंजर (जळणारा गॅस आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा फर्नेसचा भाग) तपासून, कार्बन मोनॉक्साइड मोजून लेखी द्यायला सांगा. तिथे तडा निघाला तर घासाघीस बाजूला ठेवा आणि बँकेला कळवा, तो सुरक्षिततेचा मामला आहे.

आर-२२ चं उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बंद. गळती लागली की जुना, शुद्ध केलेला गॅस महागात भरायचा. या जुन्या एसीच्या दुरुस्तीत पैसे घालू नका.

मी असतो तर क्रेडिट, म्हणजे व्यवहार पुरा होताना (क्लोजिंग) तुमच्या खर्चापोटी विक्रेत्याने द्यायचे पैसे, मागितलं असतं. घर सोडून जाणारा माणूस तुमच्यासाठी चांगली फर्नेस कशाला निवडेल? एफएचएत विक्रेत्याकडून किमतीच्या ६% पर्यंत चालतं. फक्त ते क्लोजिंगच्या खर्चातच जिरतं, वरचं रोख हातात पडत नाही. खर्च कमी असेल तर सरळ किंमत उतरवून घ्या.