मदत हवी आहे: घड्याळ शून्यावर, तरी किक कशी? (अमेरिकन फुटबॉल)

नमस्कार मंडळी,

चार डाउन (प्रयत्न), दहा यार्ड, टचडाउनचे सहा गुण, इथपर्यंत माझी गाडी आली आहे. पुढे अडली. १९ डिसेंबर २०२४ च्या चार्जर्स-ब्रॉन्कोस सामन्याची क्लिप पाहिली. पहिला हाफ संपत आलेला, ब्रॉन्कोस २१-१० ने पुढे. त्यांनी पंट (हातातून सोडून लांब मारलेली किक) मारला, पण झेल घेणाऱ्या चार्जर्सच्या गड्यावर ब्रॉन्कोसचा गडी जाऊन आदळला. घड्याळ शून्यावर. म्हटलं, झाला हाफ. तर पंचांनी चार्जर्सना १५ यार्ड दिले आणि त्यांचा किकर डिकर याने ५७ यार्डांवरून किक मारून तीन गुण घेतले! अडवायला कोणी पुढे धावलंसुद्धा नाही. ऑफिसातल्या अमेरिकन मंडळींना विचारलं, तर त्यांनीही खांदे उडवले.

दुसरी शंका: फंबल होऊन (हातातून निसटून) चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमधून (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यातून) बाहेर गेला, तर तो त्यांनाच का मिळतो? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
याला फेअर कॅच किक म्हणतात. पंट झेलणाऱ्याने हात वर करून हलवला की त्याला धक्का लावायचा नाही, त्यानेही पळायचं नाही. असा झेल मिळाला (किंवा इथल्यासारखा आडवा येऊन हिरावला गेला) की त्या संघाला तिथूनच गोलावर किक घेता येते. वेळ संपली असली तरी त्या किकपुरता हाफ वाढतो. प्रतिस्पर्धी दहा यार्ड लांब उभे. स्नॅप (पायांमधून चेंडू मागे देणं) नाही, टी (चेंडू ठेवायचा छोटा स्टँड) नाही. एक जण चेंडू धरतो.

खरी गंमत अंतरात आहे. चेंडू ४७ यार्डांच्या रेषेवर होता, त्यात एंड झोनचे दहा मिळवा: ५७. नेहमीच्या फील्ड गोलला स्नॅप सात यार्ड मागे जातो, म्हणजे तिथून ६४ पडले असते. शिवाय कोणी अंगावर येत नसल्याने किकरला लांबून धावत येता येतं, चेंडू कमी उंचीवरून मारला तरी चालतो.

धागाकर्ता
वा, आता उलगडलं! मग सगळे हे रोज का करत नाहीत?

प्रतिसाद १
कारण जुळून यावं लागतं. झेल बहुतेकदा आपल्याच गोलाजवळ मिळतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत शहाणा संघ पंट मारायचंच टाळतो. डिकरच्या आधीची यशस्वी किक १९७६ सालची, तीही चार्जर्सचीच. किक तोकडी पडली तर समोरचे चेंडू घेऊन पळू शकतात, हेही आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये ही किक नाही, हायस्कूलमध्ये आहे.

प्रतिसाद २
फंबलचं मी सांगतो. एंड झोनमध्ये चेंडू ढकलला कोणी, हे पाहतात. हल्ला करणाऱ्यांनी ढकलला आणि तो तिथून बाहेर गेला, तर टचबॅक. बचाव करणाऱ्यांना २० यार्डांवर चेंडू. तोच चेंडू एक यार्ड अलीकडे बाजूने बाहेर गेला असता, तर फंबल झालं त्या जागी मूळ संघाकडेच राहिला असता. एका यार्डासाठी इतकी शिक्षा मला तरी जुलमी वाटते, पण नियम आहे तो असा.