सोयीचे लग्न, सहा वर्षांचा दुरावा आणि पुन्हा प्रेम: कथानक पटेल का?

प्रश्न: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधली प्रेमकथा लिहीत आहे. कर्जबाजारी उमराव हुंड्यासाठी व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करतो, महिन्याभरात दोघे वेगळे होतात आणि सहा वर्षांनी पुन्हा जवळ येतात. मधल्या काळात त्यांनी घटस्फोट का घेतला नाही, या शंकेवर काय योजावे?

प्रतिसाद १: काहीच योजू नका. 1857 च्या कायद्यापूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट संसदेत खासगी विधेयक संमत करून घेतल्याशिवाय मिळत नसे आणि तो खर्च मोजक्यांनाच झेपे. धर्मन्यायालय फार तर विभक्त राहण्याची परवानगी देई. दुरावलेले जोडपे बांधलेलेच राही, आणि माझ्या मते तुमच्या कथेचा जीव तिथेच आहे.

प्रतिसाद २: विवाहकरार मात्र विसरू नका. लग्नानंतर पत्नीची रोकड नवऱ्याची होत असल्यामुळे सधन बाप तिचा हातखर्च आणि वैधव्यातले वर्षासन आधीच लिहून घेत. ही रक्कम दर तिमाहीस कारकुनाच्या अक्षरातल्या लखोट्यातून येते आणि एकदा त्यावर नवऱ्याचे अक्षर दिसते, असे दाखवता येईल.

प्रश्नकर्ती: लखोटा घेतला! नवऱ्याला 1808 ते 1814 या काळात स्पेन-पोर्तुगालच्या युद्धावर धाडते, म्हणजे सहा वर्षेही भरतील.