उन्हाळी प्रशिक्षण, नवे गुरुजी आणि आपण : आठवेल ते लिहा

माळवद

परवा पत्र्याची पेटी उन्हात टाकली. तळाशी बिस्किटाचा जुना डबा निघाला, आत सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या काळ्या चकत्या. तीस-चाळीस असतील. एक ताणून बघितली तर तुटलीच. सौ. म्हणाल्या फेका, मी म्हणलं थांबा जरा. मग तिथंच पायरीवर बसून राहिलो.

मे २००४. परभणी जिल्ह्यातली माझी शाळा द्विशिक्षकी, नोकरीला अकरा वर्षं झालेली. एक दिवस आदेश आला की नवीन शिक्षणसेवकांच्या प्रशिक्षणाला तुम्ही तज्ज्ञ मार्गदर्शक. विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती. जिल्ह्याला तीन दिवस बसवलं, हातात मार्गदर्शिका दिली आणि तालुक्याला धाडलं. समोर चाळीस पोरं-पोरी, डीएड होऊन आलेली. महिना तीन हजार मानधनावर पहिली तीन वर्षं काढायची. वर पत्रे. पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाज करायचा.

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर मार्गदर्शिका वाचून दाखवली. जेवणानंतर अर्धा वर्ग पेंगत होता आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मीपण. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. "सर, पहिली ते चौथी माझ्या एकटीकडं हाय. दुसरे गुरुजी सारखे टपाल घेऊन तालुक्याला. मी पहिलीला 'क' शिकवायले तेव्हा चौथीनं काय करायचं?"

मार्गदर्शिकेत ते नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं, अकरा वर्षं मी तेच रेटत होतो. "उद्या सांगतो" म्हणलं.

रात्रभर डोळा लागला नाही. गच्चीवर उकाडा होताच, पण कारण ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीतच ठेवलं आणि म्हणलं, तुमच्या लेकरांचं सगळ्यात जास्त चुकणारं एकेक गणित फळ्यावर लिहा. अकरा जणांनी एकाच जातीचं लिहिलं, ४३ − १८ = ३५. तीनातून आठ जात नाहीत, मग लेकरू आठातून तीन काढतं. त्याच्या लेखी ते बरोबरच असतं. शेजारच्या शेतातून तुराट्या आणल्या, बोटाएवढ्या मोडल्या. दहादहाचे गठ्ठे बांधायला रबर कुठलं? एक पोरगा पंक्चरवाल्याकडून फाटकी ट्यूब घेऊन आला. चार गठ्ठे, तीन सुट्या. आता आठ द्या. पुरत नाहीत. मग एका गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या टेबलावर पसरल्या, झाल्या तेरा. आठ दिल्या, पाच उरल्या. बाजूला तीन गठ्ठे, त्यातला एक दिला, दोन राहिले. पंचवीस.

मागून एक जण बोलला, "दशक सुटा करणे म्हणजे हे होय!" सगळे हसले. मला हसू आलं नाही, मलापण ते नोकरीच्या पाचव्या वर्षी कळलं होतं.

तुम्ही शिकवणारे असा नाहीतर शिकणारे, लिहा.

चुरमुरे

फोटो टाका की गुरुजी चकत्यांचा

माळवद

नातू आला की काढून घेतो. मला ते जमत नाही

तांड्यावरची बाई

किनवट तालुका. माझं पहिलं प्रशिक्षण मे महिन्यातलंच, ४३ डिग्री. मी नुसती रडकुंडीला आलेली. पहिलीत वीस लेकरं, सगळी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी. चित्र दाखवून विचारलं ही कोण, तर लेकरं म्हणतात याडी. भाकरीचं चित्र दाखवलं तर बाटी. मी आपली "नाही नाही, आई म्हणा, भाकरी म्हणा" करत बसलेली. महिन्यात अर्धी लेकरं बोलायचीच बंद झाली. आमचे मार्गदर्शक निवृत्तीला आलेले होते, धोतर टोपी. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई तुम्ही त्यांचे किती शब्द शिकलात? मला चारच येत होते. म्हणाले सुट्टी आहे, तांड्यावर जाऊन बसा, चाळीस शब्द लिहून आणा, मग जूनमध्ये बघू. नायकाच्या घरी ओट्यावर तीन दुपारी बसले. म्हाताऱ्या बायका माझ्या उच्चाराला इतक्या हसायच्या की पदर तोंडात. जूनमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर याडी लिहिलं. मागच्या बाकावरचं एक पोरगं, सहा महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं, ते ओरडलं "मारी याडी!"

बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

जवारी

कुणी जेवणाचं का लिहिना? आमच्याकडं पाच दिवस वांगं-बटाटा, पातळ वरण आन् बुंदी. पाचव्या दिवशी एक मॅडम घरून धपाटे आन् ठेचा घेऊन आल्या तर मार्गदर्शक स्वतःचा तास सोडून डब्यापाशी. प्रशिक्षण संपताना घेतात त्या उत्तर चाचणीत त्या मॅडमला किती मार्क पडले ते विचारू नका

चुरमुरे

आमच्या लातूरकडं सकाळी चुरमुऱ्याचा सुशीला असायचा. दहा वाजता खाल्ला की बारापर्यंत कुणी झोपत नाही. प्रशिक्षणाचं खरं साहित्य ते

येसर

सुशीलात शेंगदाणे भाजून घालता का तळून

चुरमुरे

तळून. भाजून घालणाऱ्याशी आम्ही सोयरीक करत नाही

झोळी

२०१६. लातूर. ज्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तोच. प्रशिक्षणाचं पत्र आलं, खाली एक ओळ: पिण्याचे पाणी स्वतः आणावे. माझं बाळ पाच महिन्यांचं. सासूबाई म्हणाल्या मी येते सोबत. दोन लिटर पाणी, लंगोट, दुपटी आणि सासूबाई असं सगळं घेऊन गेले. खिडकीच्या गजाला आणि बाकाला जुनी साडी बांधून झोळी केली. मार्गदर्शक ताई होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्या शिकवता शिकवता झोका द्यायच्या. विषय चालू होता "आनंददायी वातावरण". शब्द आला की सगळे झोळीकडं बघायचे.

दुपारी त्यांनी एकच केलं जे मला अजून उपयोगी पडतं. आम्हाला गोष्ट वाचायला दिली, पण पान उलटं धरून. अर्धं पान वाचता वाचता घाम फुटला, मधला शब्द कळेपर्यंत पहिला विसरायला व्हायचं. मग म्हणाल्या, दुसरीतल्या लेकराला रोज असं होतं, आणि तुम्ही त्याला वर "लवकर वाच" म्हणता.

सासूबाईंनी पण पान उलटं धरून बघितलं. त्यांना सुलटं पण येत नाही, तरी त्या म्हणल्या "मला काही फरक पडला न्हाई" 😂

निवृत्त केंद्रप्रमुख

सगळ्यांचे वाचले. चांगले आहे. परंतु आजची परिस्थिती वेगळी. आमच्या वेळचे शिक्षणसेवक तीन हजारांत सायकलवर यायचे. आता सोळा हजार मिळतात तरी पहिल्या दिवशी प्रश्न काय, तर सर, वायफाय आहे का.

पोर्टलवाला

सर नमस्कार. मी त्या सोळा हजारवाल्यांतला. राग नाही, पण सांगतो. डिसेंबर २०१७ ला शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली. नंबर लागला नाही. पुढची चाचणी थेट २०२३ ला झाली. मधली वर्षं खाजगी शिकवणी, मेडिकल दुकान, कोविडमध्ये घरी. नेमणूक मिळाली तेव्हा वय तेहतीस. गाव पश्चिमेकडं, शाळा जालना जिल्ह्यात, इथली बोली कानाला नवीन. वायफाय याच्यासाठी विचारला होता की हजेरीपासून माहितीपर्यंत सगळं मोबाईलवरच भरायचं असतं आणि शाळेत एकच काडी नेटवर्क येतं, तेही लिंबाच्या झाडाखाली.

निवृत्त केंद्रप्रमुख

बरोबर आहे बाळ. माझे बोलणे मागे घेतो. कोणत्या तालुक्यात? माझे साडू तिकडे आहेत, खोली बघून देतील.

पोर्टलवाला

व्यनि केला सर 🙏

कोयता

बीड. आमच्या भागातलं नव्या मास्तरला कुणी आधी सांगत नाही. दिवाळीपर्यंत वर्गात पस्तीस लेकरं असत्यात आन् दिवाळी झाली की ऊसतोडीला गाड्या भरतात. उरतात पंधरा. कुणी आजीपाशी, कुणी हंगामी वसतिगृहात, बाकीची फडावर. चैत्र-वैशाखात परत येत्यात तवर वार्षिक परीक्षा तोंडावर. मी प्रशिक्षणात नव्या लोकांना एकच काम देतो. वर्षाचं नियोजन घ्या आन् दिवाळीवर आडवी रेघ मारा. जे लेकराला आलंच पाहिजे ते रेघेच्या वर आणा. वाचन आन् बेरीज-वजाबाकी वर. बाकी खाली गेलं तर गेलं.

एका वर्षी एक नवी मॅडम म्हणली, सर रेघेखालचं ज्यांचं बुडलं त्यांचं काय? मी म्हणलं, ते तुम्ही आन् मी बघायचं, उन्हाळ्यात, पगार नसलेलं काम. ती दोन वर्षं एप्रिल-मेत सकाळी सात ते नऊ देवळाच्या ओसरीत बसली. मग बदली झाली.

गणपाठ

माळवद सर, वजाबाकीच्या आधीचा घोळ आकडे लिहिण्याचा. पंचवीस ऐकलं की लेकरू आधी पाच लिहितं, मग वीसचा दोन, झाले ५२. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३९. नव्या शिक्षकांना मी श्रुतलेखन घालतो, पण उर्दू आकड्यांत. मग त्यांनाच घाम.

जवारी

म्हणजे तुम्ही २०१९ च्या "वीस एक, वीस दोन" वाल्या पार्टीतले

गणपाठ

हो, आणि लाज नाही. दुसरीच्या पुस्तकात दोन्ही पद्धती दिल्या होत्या, पंचवीस कुणी पुसून टाकलं नव्हतं. पुस्तकाच्या समितीवरच्या मंगलाताई नारळीकर परोपरीनं सांगत होत्या. पण विनोद करणाऱ्यांना पुस्तक उघडायला वेळ नव्हता. वर्गात वीस-पाच असं दोन आठवडे म्हणून घ्या, मग पंचवीसवर या. ५२ लिहिणारी निम्मी तरी कमी होतात, हा माझ्या वर्गाचा अनुभव.

निवृत्त केंद्रप्रमुख

आम्ही पाढे पाठ केले, औटकी (साडेतीनचा पाढा) पण केली. काही अडले नाही.

गणपाठ

ज्यांचं अडलं ते पाचवीत शाळा सोडून गेले सर, ते इथं लिहायला नाहीत

येसर

शांत व्हा मंडळी, लाईट आली आहे, कूलर लावा

ओसरी

माझा अनुभव छोटा. २०१५-१६ ला ज्ञानरचनावादाची, म्हणजे लेकरानं स्वतः करून शिकायची, लाट आली होती. आम्ही जीप करून साताऱ्याकडं कुमठे बीटमधल्या शाळा बघायला गेलो, येताना सगळ्यांच्या डोक्यात फरशी रंगवायची. प्रशिक्षणात नव्या शिक्षकांना मी दोन दिवस फरशीवर काय काय काढायचं तेच शिकवलं. एकाची शाळा मातीच्या सारवलेल्या जमिनीची. तो गप्प. शेवटच्या दिवशी हळूच विचारलं, "मॅडम, रांगोळीनं चालंल का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाललं. उलट लेकरंच रोज सकाळी आकडे काढायची, पुसलं की परत काढायची. आमची रंगवलेली फरशी दोन वर्षांत उडाली.

पेन्शनर

भत्ता. मार्गदर्शक म्हणून सहा दिवस गेलो, रोज साठ किलोमीटर जाऊन येऊन. बिल तीन प्रतींत दिलं. एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहिलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, बिल अजून सेवेत आहे

जवारी

बिलाला आता लांब नोकरीची निवडश्रेणी लागली असेल

तांड्यावरची बाई

आले परत. कोविडमधलं कुणी लिहिलं नाही. दीक्षा नावाच्या सरकारी ॲपवर ऑनलाईन प्रशिक्षण. नव्या दोघी माझ्या "मार्गदर्शनाखाली". एकीचा मोबाईल नवऱ्याकडं, एकीचा नेटवर्क टाकीवर. मी व्हिडिओ बघायचे आणि रात्री साध्या फोनवरून त्यांना तोंडी सांगायचे. प्रमाणपत्रं दोघींची आली. माझं अडकलं, माझा व्हिडिओ ९८ टक्क्यांवरच थांबलेला.

झोळी

माळवद सर, तुम्ही त्या मुलीला उत्तर दिलंत का शेवटी? चौथीनं काय करायचं?

माळवद

दिलं म्हणवत नाही. तिसऱ्या दिवशी तिलाच पुढं बोलावलं आणि चाळीस जणांना विचारलं, तुम्ही काय करता. एक म्हणला चौथीतली दोन पोरं पहिलीत बसवतो, त्यांचं वाचन त्यातच होतं. एक म्हणला पाटीवर आधीच सहा गणितं लिहून ठेवतो, आल्या आल्या पाट्या वाटायच्या. एकानं सांगितलं दुपारी सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो, मग पहिलीनं चित्र काढायचं आणि चौथीनं शेवट बदलून लिहायचा. ती सगळं वहीत उतरवत होती. मीपण. माझी वही त्याच पेटीत असायला पाहिजे होती, वाळवीनं खाल्ली. दोन-तीन वर्षांनी ती मला तालुक्याच्या बसस्टँडवर भेटली, कडेवर लेकरू, म्हणली सर, ओळखलं का, मी 'क'वाली.

तांड्यावरची बाई

गोष्टीचा शेवट बदलायचं उद्याच करते. मुलांच्या शेवटात वाघ नेहमी मरतो ते एक सोडून

पोर्टलवाला

माळवद सर, चकत्या कशा कापायच्या? माझ्याकडं दुसरी आहे, दहा लेकरं. बाजारातलं रबर उन्हानं आठ दिवसांत चिकट होतं.

माळवद

कात्रीनं नको, वाकडं जातं. ट्यूब आधी साबणानं धुवा, आतली पावडर निघू द्या. लाटण्यावर चढवा, घट्ट बसंल अशी. मग ब्लेडनं लाटणं फिरवत कापत जा, अर्ध्या बोटाची चकती. हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या आजूबाजूचं सोडून द्या. आणि लाटणं घरचं घेऊ नका.

येसर

अनुभवाचे बोल

माळवद

हौ. २००४ पासून आमच्या लाटण्यावर रेघा हायत.