मेकॅनिकलवाल्याने आधी पाया पक्का करावा

भाचा मेकॅनिकल बीई झालाय, आयटीत यायचंय तर कोणता क्लास लावू असं तुम्ही विचारलंत आणि वर दोघातिघांनी सरळ एआयचा कोर्स सुचवलाय. मला नाही पटत ते. साधा लूप नि फंक्शन नीट लिहिता येत नसताना मॉडेल ट्रेन करायला बसला तर दुसऱ्याचा कोड चिकटवण्यापलीकडे काही होत नाही, इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

त्याला सी-डॅकचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कम्प्युटर संशोधन संस्थेचं, बघायला सांगा. पीजी-डॅक म्हणून ओळखला जाणारा, ॲडव्हान्स्ड कम्प्युटिंगचा साधारण 6 महिन्यांचा कोर्स आहे, वर्षातून दोनदा ॲडमिशन, कुठल्याही ब्रँचचा इंजिनिअर चालतो पण सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत सी भाषा, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग असं सगळं येतं, म्हणजे नंबर नाही लागला तरी तो अभ्यास वाया जात नाही. कोर्स फुलटाइम आहे हां, नोकरी सांभाळून नाही जमणार.

शिवाय एसक्यूएल शिकू दे, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. 1970 च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली भाषा, पण आजही बँक असो की विमा, इंटरव्ह्यूत त्यातलं जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (गट पाडून हिशेब) विचारतातच. सरावाला पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट मिळतो, आजच लॅपटॉपवर टाकू दे.

आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणणाऱ्या क्लासला एकदम सगळी फी भरू नका प्लीज. माझ्या धाकट्या भावाने भरली होती, तीन महिन्यांत शिकवणारे सर बदलले आणि पैसे काही परत मिळाले नाहीत.