भजनात क्लॅरिनेटचा 'प' पोकळ लागतो, 'ध' चिरकतो. सुराला गोडवा कसा आणू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी १४ वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतोय. वराती, गणपती, उरूस, निवडणुकीचा गुलाल, सगळं केलं. आमच्याकडे शिकवण एकच, दम लावून फुंक, ढोलावर ऐकू आलं पाहिजे. त्यावर आजवर घर चाललं, तक्रार नाही.

गेल्या कार्तिकीपासून गावातल्या दत्त मंदिरात दर गुरुवारी भजनाला बसतो. पेटी, पखवाज, टाळ आणि बुवा. बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. पहिल्याच गुरुवारी दुसऱ्या अभंगाला बुवांनी हात वर करून मला थांबवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, जरा माझ्या मागून ये. तुझ्या आवाजाखाली माझे शब्द जातात." घरी आलो, रात्री झोप लागली नाही. मला त्यांच्या मागे वाजवायचंय, त्यांच्यावर नाही.

तर अडचण अशी. हळू वाजवायला गेलो की सा, रे ठीक लागतात. ग पासून आवाज पातळ होतो. प तर रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखा. प वरून ध वर जाताना दहात सहा वेळा चिरकतं. आणि सुराबरोबर फुंकेचा 'सीऽऽ' असा आवाज सतत येतो. बाहेर रस्त्यावर तो कधी जाणवलाच नाही.

वाद्य १७ चाव्यांचं, ६ रिंगांचं, प्लास्टिकचं. रीड, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसवर लावलेली पातळ पट्टी, दीड नंबर. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, लाकडी घ्या, त्याशिवाय गोडवा येणार नाही. त्याने खरंच फरक पडणार असेल तर कर्ज काढीन. जाणकारांनी सांगावं.

सूरवेडा_ठाणे

दादा, आधी रीड बदला. दीड नंबर म्हणजे फारच मऊ. मिरवणुकीत तासन् तास वाजवायला ठीक, पण गोडव्यासाठी सरळ तीन नंबर लावा. सुरुवातीला जड जाईल, सवय होते. माझ्या मते अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

माजी_हवालदार_सातारा

कृष्णाकाठ, कर्ज काढू नका.

मी २२ वर्षं सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये झालं. आता गावी चार पोरांना शिकवतो. तुमचा प्रश्न वाचला आणि वाद्य काढून काळी एकमध्ये वाजवून बघितलं. संशय होता तेच निघालं.

आपलं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं. आपण सी चं बोट लावलं की पेटीची काळी पाच बोलते. म्हणजे बुवांची काळी एक तुमच्या बोटांत ई फ्लॅट झाली. आता पुढे मोजा. ग येतो जी वर, सगळी भोकं उघडी. म येतो जी शार्पवर. प येतो बी फ्लॅटवर. हे तिन्ही स्वर वाद्याच्या गळ्यातले. इथे नळीचा वरचा थोडासाच भाग बोलतो, खालची सगळी नुसती हातात असते. त्यात बी फ्लॅट सगळ्यात गरीब, कारण तो डाव्या अंगठ्याच्या चावीच्या ज्या बारीक भोकातून निघतो, ते मुळात वरच्या पट्ट्यात चढण्यासाठी पाडलेलं आहे. लाकडी घ्या, परदेशी घ्या, तिथे तो अशक्तच असतो. आणि ध येतो सी वर. सगळी भोकं बंद, अंगठ्याची चावी उघडी, उजवी करंगळी दाबलेली. प ला हात जवळजवळ रिकामा आणि ध ला एकदम भरलेला. दहातली आठ बोटं एका क्षणात पडायला हवीत. एक जरी मागे राहिलं तरी चिरकणारच.

हे असं का, तेही सांगतो, म्हणजे वाद्यावरचा राग जाईल. बासरी किंवा सनई जोरात फुंकली की त्याच बोटांवर तार सप्तकातला तोच स्वर देते. क्लॅरिनेट तसं करत नाही. सरळ नळी, एका टोकाला तोंडाने बंद, म्हणून ते सा वरून उडी मारतं ते थेट वरच्या पंचमावर. मधली जागा भरून काढायला हे गळ्याचे स्वर दिलेत. तुमच्या बुवांचा पंचम नेमका त्या जागेत येतो. तुमच्या हाताचा दोष कमी, जागेचा जास्त.

यावर उपाय आहे. प वाजवतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटं आणि करंगळी आपापल्या जागी आधीच ठेवून द्या. प किंचित उतरेल, पण त्याला अंग येईल, आणि ध ला जाताना फक्त डावा हात टाकायचा उरेल. कुठल्या वाद्याला तीन बोटं मानवतात, कुठल्याला दोनच. पेटीचा प धरून ताडून बघा. म आणि ग ला पण हेच करा.

आता फुंक. तुम्ही रस्त्यावर वाजवलंय, दम तुमच्याकडे भरपूर आहे, ही मोठी गोष्ट. पण आरशात बघा, गाल फुगतात का? हळू वाजवताना खालचा जबडा रीडला चावतो का? चावलं की रीड दबते, हलायला जागा राहत नाही, हवा कडेने निघते. तुमचा 'सीऽऽ' बहुतेक तिथून येतो. हनुवटी खाली ताणलेली, सपाट हवी. ओठांचे कोपरे आत, माउथपीसच्या दिशेने. वरचे दात माउथपीसवर नुसते टेकलेले. खालचा ओठ रीडवर कुठे ठेवायचा ते असं शोधा: वहीच्या कागदाची पट्टी रीड आणि माउथपीस यांच्या फटीत वरून सरकवा. जिथे अडकते तिथे पेन्सिलने रीडवर खूण करा. खालचा ओठ त्या खुणेवर. बँडवाले बहुतेक एकतर टोकावर वाजवतात किंवा अर्धा माउथपीस तोंडात घेतात.

हवा कशी सोडायची? थंडीत हात ऊबवताना आपण तळव्यावर 'हाऽ' करतो, तशी नको. गरम चहावर फुंकर घालतो तशी, बारीक आणि वेगाची. जीभ 'ई' म्हणताना असते तशी मागून उंच. हळू वाजवायचं म्हणजे हवा कमी सोडायची, तिचा वेग कमी करायचा नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं.

परीक्षा घ्यायची तर नुसता माउथपीस रीड लावून फुंका. पेटीची पांढरी एक निघाली पाहिजे. बॅरल, म्हणजे माउथपीसच्या खालचा आखूड तुकडा, जोडला की काळी तीन. सूर खाली गेला तर ओठ ढिले, वर गेला तर चावताय. रोज वाद्य जोडण्याआधी एवढं करा.

पचमढीची एक गोष्ट सांगतो. माझाही आवाज तुमच्यासारखाच होता, कारण मीही गावच्या बँडमधून गेलो होतो. आमचे उस्ताद एक दिवस माझ्या समोर स्टूल घेऊन बसले. म्हणाले, अंगठा फक्त खाली आधाराला ठेव, बाकी हात काढ. वाद्यावर बोटं त्यांची, फुंक माझी. मी एकच सरळ फुंक सोडायची, ते वाटेल तो स्वर काढणार. खाली जातील, वर जातील, मला काही माहीत नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या वाद्यातून तो आवाज निघाला जो मी इतरांचा ऐकत होतो. गळ्याचे स्वर, वरचे, खालचे, सगळे एका दोऱ्यात. चिरकलं एकदाही नाही. मला रडू आलं. उस्ताद म्हणाले, "बघ, पुढचा स्वर अवघड आहे हे तुला आधी कळतं, म्हणून तू फुंक बदलतोस. स्वर बोटं बदलतील, तू फुंक बदलू नकोस." आजही पोरांना मी हेच करायला लावतो.

रियाज खर्जाचा. सगळ्यात खालचा ई, म्हणजे पेटीच्या मंद्रातली पांढरी दोन. शून्यातून सुरू, आठ मात्रांत भरायचा, आठ मात्रांत शून्यावर आणायचा. मग एकेक स्वर वर. रोज अर्धा तास. गायक खर्ज भरतात तसंच आहे, वेगळं काही नाही.

ठाणेकरांच्या रीडच्या सल्ल्याबद्दल: एकदम तीन लावू नका. ओठ तयार नसताना तीन लावली की माणूस चावायला लागतो, आणि आपल्याला नेमकं तेच सोडवायचंय. महिनाभर दोन, मग अडीच. घाई नको.

आणि हो, वाद्य गळत नाही ना तेवढं बघा. वरचा भाग सुटा करा, चारही भोकं डाव्या हाताने बंद, खालचं तोंड उजव्या तळव्याने बंद, वरून हवा ओढून घ्या. पाच सेकंद ओढ टिकली पाहिजे. नाही टिकली तर कुठला तरी पॅड, म्हणजे चावीखालची भोक झाकणारी गादी, बसत नाही. तो बदलायला लाकडी वाद्याचा खर्च लागत नाही.

पागोळी_रत्नागिरी

हवालदार काकांनी सगळं सांगितलंय, एक पावसाळ्याचं जोडते. मी इथे शाळेच्या मुलांना शिकवते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे रीड लाटेसारखी वाकते. टोकाला घड्या पडल्यासारखं दिसतं आणि हवा निसटते, सुराबरोबर फुस्स आवाज येतो. वाजवून झालं की रीड माउथपीसवर तशीच ठेवू नका. पुसून काचेच्या सपाट तुकड्यावर पाठ टेकवून ठेवा. चार रीड आळीपाळीने वापरा, नव्या रीडला पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटंच वाजवा. लावताना रीडच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसली पाहिजे. आणि रीड बांधायच्या कड्याचे स्क्रू आवळून पिळू नका, रीडला श्वास घेऊ द्या.

ऐकायला क्लॅरिनेटवादक मास्टर इब्राहिम यांच्या ७८ गतीच्या तबकड्या इंटरनेटवर सापडतील. रायचूरचे नरसिंहलू वडवाटी क्लॅरिनेटवर राग वाजवतात, तेही ऐका. नुसतं ऐकू नका, त्यांचा एक सूर थांबवून तोच आपल्या वाद्यावर धरून बघा.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. उत्तर द्यायच्या आधी करून बघायचं ठरवलं होतं.

ओढ टिकत नव्हती. वरच्या एका चावीचा पॅड फाटला होता. बदलला. कागदाची खूण केली तर कळलं, मी १४ वर्षं खुणेच्या बरंच वर टोकावर वाजवत होतो. दोन नंबर रीड लावली. पहिले चार दिवस खालचा ओठ आतून सोलल्यासारखा झाला, आता बरा आहे.

पण काका, तुम्हाला खास सांगायचंय ते वेगळं. मुलगी नववीत आहे. तिला समोर बसवलं. वाद्यातलं तिला काही कळत नाही, तिच्या मनाला येईल तशी बोटं उघडत-झाकत होती. मी डोळे मिटून एकच फुंक सोडली. मध्येच तिने प काढला आणि त्यावरून ध. मला कळलंच नाही ती कधी ओलांडून गेली. ती म्हणाली, "बाबा, हा तुमचा आवाज नाही वाटत." आम्ही अर्धा तास तेच करत बसलो. आई आतून बाहेर येऊन बसली.

गेल्या गुरुवारी उजवी बोटं खाली ठेवून वाजवलं. प ला अजून बुवांच्या गळ्याएवढं अंग नाही, पण चिरकलं एकदाच. बुवांनी हात वर केला नाही.

आता एक शंका. तिसऱ्या-चौथ्या अभंगानंतर बुवा थकले की पांढरी एकवर येतात. तिथे काय करू?

माजी_हवालदार_सातारा

मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

पांढरी एक तुम्हाला सोपी जाईल. सा येतो डी वर, प येतो ए वर. ए पण गळ्यातलाच, पण बी फ्लॅटएवढा गरीब नाही. ध येतो बी वर, सगळी भोकं बंद आणि यावेळी डावी करंगळी. उजवा हात तसाच आधीच खाली. पट्टी बदलली की माउथपीसशी काही खेळू नका, पेटीचा सा मागून घ्या आणि भजन सुरू व्हायच्या आधी बॅरल हलका ओढून-दाबून जुळवा. थंडीत वाद्य उतरतं, मार्गशीर्षातल्या गुरुवारी मंदिरात जायच्या आधी दहा मिनिटं घरीच वाजवून नळी गरम करून न्या.