रझांचा बिंदू: साधना की साचा?

रंगरेषा: शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. सय्यद हैदर रझा मोठे चित्रकार, पण ते फ्रान्समधल्या पहिल्या पंचवीसेक वर्षांच्या कामामुळे, बिंदूमुळे, म्हणजे नंतर त्यांची खूण बनलेल्या त्या मोठ्या काळ्या वर्तुळामुळे नाही. 1950 ला फ्रेंच स्कॉलरशिपवर पॅरिसला गेले आणि पुढच्याच वर्षी 'ओ द काग्न' हे चित्र केलं, बघाच ते, अख्खं गाव आहे पण माणूस औषधालाही नाही, कडक कोपऱ्यांची घरं आणि वर काळा सूर्य. मग जाड तेलरंगातली निसर्गचित्रं, 1956 ला तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार, आणि तो मिळवणारे पहिले बिगरफ्रेंच चित्रकार हेच. आणि पुढे काय, तर वर्तुळ, त्रिकोण, पंचतत्त्व, कुंडलिनी. परदेशात बसून अध्यात्म विकणं झालं ते!

नर्मदाकाठ: विकणं कसं काय बुवा? फ्रेंच गावं रंगवून नाव झालं होतं, गॅलरी होती, सगळं सुरळीत चाललेलं. पन्नाशी उलटल्यावर ते सोडून नव्याने सुरुवात करणारा माणूस धंदेवाईक म्हणायचा का? आणि बदल काही एका रात्रीत झाला नाही. 1962 ला अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले तिथे रॉथको वगैरे अमेरिकन अमूर्त चित्रकारांचं काम बघितलं, नंतर तेलरंग सोडून पटकन वाळणारं अ‍ॅक्रिलिक घेतलं, हात मोकळा झाला, मग सत्तरच्या दशकात परत परत भारतात येऊन अजिंठा-वेरूळ, राजस्थान, गुजरात फिरले. मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या जंगलात वाढलेला मुलगा, शाळेत मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलेलं, ते कुठेतरी आत राहिलंच असणार ना.

तिरकस: ती ठिपक्याची गोष्ट प्रत्येक कॅटलॉगात असते. तीस वर्षं आठवली नाही ती, बिंदू खपायला लागल्यावर बरी आठवली 😄

नर्मदाकाठ: तिरकसराव, खपण्याचंच म्हणताय तर 2010 च्या लिलावात सोळा कोटींच्या वर गेलेलं 'सौराष्ट्र' 1983 चं आहे. दोन मीटर बाय दोन मीटरचा कॅनव्हास, चौकोनात चौकोन, पण आत भाजलेल्या मातीचे आणि केशरी रंगाचे फटकारे नुसते उसळतायत. बिंदू आहे त्यात, पण तो राज्य करत नाही.

कुंचला: माझं मत दोघांच्या मधलं, म्हणजे दोघंही चिडणार. '77 ते '85 चे रझा सर्वात भारी. 'माँ' घ्या, 1981 चं, काळा बिंदू आहेच पण बाजूला रंग अजून भांडतायत आणि हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ देवनागरीत लिहिलेली. घर सोडून गेलेल्या माणसाचं चित्र आहे ते, भाऊबहीण फाळणीत पाकिस्तानात गेले, हे इथे राहिले आणि मग पॅरिसला. पुढे पुढे मात्र कडा फूटपट्टीने मारल्यासारख्या झाल्या, रंग सपाट, आणि तिथे रंगरेषांचा राग मला पटतो.

नर्मदाकाठ: साठ वर्षं तिकडे काढून शेवटपर्यंत भारतीय पासपोर्टच ठेवला, 2010 ला दिल्लीला परतले, 2016 ला दफन झालं ते मंडल्यात. एवढं करणाऱ्याचं अध्यात्म दिखाऊ म्हणायचं?

रंगरेषा: दिखाऊ माणूस नाही हो, चित्रं! पासपोर्टने कॅनव्हास सुधारत नाही. कुंचला, '83 पर्यंतचे रझा तुमच्याकडून घेतो, पुढचे ठेवा तुमच्याकडेच. आणि नर्मदाकाठ, 2000 नंतरचा असा एक बिंदू दाखवा जो आधीच्या दहांपेक्षा वेगळा आहे, मग बोलू.